झाकली मूठ

दिवाळीनंतरचे आठ दिवस विट्यात
माझा स्टुडिओ गलाईवाल्यांचा असतो.
कोइमतूर, त्रिशूर, जालंधर, सिलिगुडी,
वर्षभर दुसऱ्यांचं सोनं वितळवून
ही माणसं गाड्या भरून घरी येतात
आणि परत निघण्याआधी एक फोटो मागतात,
भट्टीच्या खोलीत लावायला.

अधिक पवार असाच आला.
घडी न मोडलेला शर्ट, मागं नथीसकट स्वप्नाली,
तिच्या कडेवर दीड वर्षाचा इंद्रजित,
ज्यानं बापाला आजवर एकूण एकोणीस दिवस पाहिलंय.
मोबाइलमध्ये रोज बघतो, पण
मोबाइलमधल्या बापाला वास नसतो,
आणि तो उचलून घेत नाही.

मी म्हटलं, घ्या मांडीवर.
पोरानं असा काही सूर लावला
की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला.
आक्का किल्ल्या वाजवायला लागल्या:
"हस की रं! ती बघ चिमणी, चिमणी!"
सासऱ्यांच्या काळापासून
या काचेत एक चिमणी आहे म्हणतात.
अजून कुणाला दिसली नाही.

हस म्हटलं की मूल दात दाखवतं.
उभ्यानं काढला की नुसतं डोकं येतं,
खाली काडीएवढे पाय,
आणि फोटो होतो मोठ्यांच्या नजरेचा.
हे कळायला मला अकरा वर्षं लागली
आणि किती गिऱ्हाइकांची पोरं, देव जाणे.

दिवे बंद केले.
धबधब्याचा पडदा गुंडाळला, मागचं दार उघडलं.
परसातल्या चुन्याच्या भिंतीवरून
चारचं ऊन आत येतं, दुधासारखं.
मी फरशीवर पालथी पडले
(डॉक्टर नको म्हणालेत).
अधिकला म्हटलं, त्याच्याकडं बघू नका,
हाक मारू नका, नुसते बसा.

तो बसला. हात मांडीवर, मुठी गच्च.
तेजाबानं पिवळी पडलेली बोटं
त्यानं आत लपवली होती.
येतानाच विचारलं होतं हळूच,
"ही येतील का वो फोटोत?"

पहिली दोन मिनिटं पोर आईच्या निऱ्यांत.
मग एक डोळा बाहेर.
मग फरशी, माझी चप्पल, फरशी.
आणि मग दिसली बंद मूठ.
बंद मुठीत काहीतरी असतंच,
एवढं जग त्याला कळलेलं होतं.
त्यानं एक बोट उघडलं. दुसरं.
आत काही नव्हतं, फक्त पिवळं होतं.
त्यानं त्याला थुंकी लावली
आणि अंगठ्यानं घासत बसला,
निघतंय का बघायला.

तेव्हा मी बटण दाबलं.

"आरं, ह्यात कुणीच सरळ बघंना!" आक्का म्हणाल्या.
खरंच होतं. बापाची मान खाली,
पोराची नुसती मान,
आणि कडेनं स्वप्नालीचा एक हात,
सावरायला पुढं आलेला, मध्येच थांबलेला.
मग पडदा पुन्हा सोडला,
लॉलीपॉप दिला, सगळे सरळ बघितले.
तोच मोठा केला त्यांनी, सोनेरी फ्रेममध्ये.

दुसऱ्या दिवशी बस आठची. साडेसातला
तो एकटाच जिन्यावर.
"ते बोटांचं... हाय का अजून?"
मोबाइलवर पाठवू का म्हटलं,
तर मान हलवली.
"भट्टीपाशी मोबाइल नेत न्हाई.
कागदावर द्या. पाकिटात बसंल एवढा."
पैसे काउंटरवर ठेवले त्यानं
उघड्या हातानं.

पुढच्या दिवाळीला मला
तो थांबलेला हात पुरता घ्यायचाय,
खांद्यापासून, चेहऱ्यासकट.
तोवर इंद्रजित बोलायला लागलेला असेल.
चिमणी कुठाय, म्हणून विचारेल.
काहीतरी सांगावं लागेल.